रविवारची झोप, सोमवारचा आळस

सोमवार ते शुक्रवार रात्री १२ ला झोपायचं आणि सकाळी ६ ला गजर वाजला की डबे, पोळ्या, शाळेची बस अशी धावपळ. शनिवारी मात्र सिनेमा बघत १ वाजतो आणि रविवारी थेट १० ला जाग येते. तुमच्या घरीही असंच होतं का? मग रविवारी रात्री डोळा का लागत नाही आणि सोमवारी डोकं जड का होतं, हे समजून घ्या.

घरबसल्या जेटलॅग

थोडा हिशेब करा. १२ ते ६ या झोपेचा मध्य पहाटे ३ ला येतो, तर १ ते १० या झोपेचा साडेपाचला. फरक अडीच तासांचा. भारत आणि सौदी अरेबियाच्या घड्याळांत नेमका एवढाच फरक आहे. म्हणजे दर शनिवारी तुमचं शरीर जणू सौदीला जातं आणि सोमवारी पहाटे परत येतं. जर्मनीतले संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. या फरकाचा वाढत्या वजनाशी आणि उदास मनाशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

झोप का उडते?

मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं. उशिरा उठलात की तो उजेड हुकतो आणि घड्याळ मागे पडतं. शिवाय १० ला उठून रात्री ११ ला पाठ टेकली, तर जागून १३ तासच झालेले असतात. एरवी तुम्ही १८ तास जागता. मग झोप येणार कशी?

थकवा खरा आहे

प्रौढांना रोज किमान ७ तास झोप हवी. रोज १ तास कमी झोपलात, तर ५ दिवसांत ५ तासांची उधारी होते. ती एका सकाळी फिटत नाही. घरातल्या गृहिणीची तर कधीच फिटत नाही, कारण रविवारी सगळे लोळत असताना नाश्त्यासाठी तीच आधी उठते. रविवारचा चहा-नाश्ता इतरांनी वाटून घ्या. शेवटी झोप तिलाही लागतेच.

किशोरवयीन मुलांना आळशी म्हणू नका. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं आणि त्यांना ८ ते १० तास झोप लागते.

हे करून बघा

• सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा फार तर १ तास उशिरा उठा.
• उठल्यावर पडदे उघडा, बाल्कनीत किंवा अंगणात चहा घ्या.
• झोप कमी पडली असेल तर दुपारी ३ च्या आत २०-३० मिनिटं डुलकी काढा.
• संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.
• रोजची झोपायची वेळ दर आठवड्याला १५ मिनिटं अलीकडे आणा. महिनाभरात १ तास हाती लागेल.
• मोठ्याने घोरणं, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणं किंवा अनेक आठवडे झोप न लागणं असा त्रास असेल तर डॉक्टरांना भेटा.

सुरुवात या रविवारपासूनच करा. गजर बंद करू नका, फक्त तासभर पुढे सरकवा.