दोन मैदानांचा धनी

कुंडल हें कुस्तीचें गांव. ‘खेळतोस काय?’ असें येथें मुलास विचारलें, तर ‘कोणत्या तालमींत जातोस?’ असाच त्याचा अर्थ घेतला जाई. अशा गांवांत आमचा नातू सकाळीं बॅट घेतो व सायंकाळीं फुटबॉल, आणि त्यावरून घरांत रोज वाद. त्याचे वडील म्हणतात, ‘एक काय तें धर.’ आजी म्हणते, ‘दोन्ही सोड व गणित धर.’ निवाडा आम्हांकडे आला, तेव्हां आम्हीं सर्वांस चुनी गोस्वामी यांचें चरित्र सांगितलें. तेंच वाचकांपुढें ठेवतों.

गोस्वामी यांचा जन्म १५ जानेवारी १९३८ रोजीं पूर्व बंगालमधील किशोरगंज येथें झाला. मोहन बागान संघांत ते १९५४ सालीं आले, ते १९६८ पर्यंत दुसऱ्या कोणाचे झाले नाहींत. कलकत्ता विद्यापीठांत एकाच वर्षीं फुटबॉल व क्रिकेट या दोन्ही संघांचें नायकत्व त्यांच्याकडे होतें!

१९६२ सालच्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत ते भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते. यजमानांनीं इस्रायल व तैवान यांस वगळलें. भारतीय प्रतिनिधीनें त्यास हरकत घेतली, म्हणून प्रेक्षक आपल्या संघावर चिडलेले. उपान्त्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर गोस्वामींनीं दोन गोल केले. अंतिम सामन्यांत जर्नेलसिंग डोक्यास टांके असतांही आघाडीस खेळला, आणि दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला. गुरु रहीम यांस कर्करोगानें ग्रासलें होतें. पुढील वर्षींच ते गेले.

१९६४ सालीं आशिया चषकांत भारत दुसरा आला. त्याच सालीं, वयाचीं सत्तावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, गोस्वामींनीं आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला. भरल्या ताटावरून उठणें तें हेंच. परंतु दुसरें पान मांडलेलें होतें. १९६६ च्या डिसेंबरांत इंदूर येथें वेस्ट इंडीजसारख्या बलाढ्य संघास मध्य व पूर्व विभागांच्या संयुक्त संघानें एक डाव व ४४ धांवांनीं हरविलें. त्यांत गोस्वामींचे आठ बळी होते.

१९७२ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास बंगालचे नायक म्हणून ते मुंबईस आले. आम्ही तेव्हां शाळकरी पोर. विजय हजारे शेजारच्या सांगलीचे, त्यामुळें क्रिकेट आम्हांस परकें नव्हतें. शेजाऱ्यांच्या रेडिओपुढें बसून आम्हीं मुंबईचा जयजयकार केला. ज्यास हरविलें तो गृहस्थ कोण, हें मात्र पुष्कळ वर्षांनीं कळलें. ३० एप्रिल २०२० रोजीं, टाळेबंदीच्या दिवसांत, त्यांचें निधन झालें.

हें ऐकून चिरंजीव म्हणाले, ‘ठीक, पण पुढें पोटाचें काय?’ आम्हीं सांगितलें, ‘जमशेदपुरास टाटांची फुटबॉल अकादमी निघाली, तिचे ते पहिले संचालक, पुढें कलकत्त्याचे शेरीफही झाले.’ चिरंजीव गप्प राहिले.

सौभाग्यवतींनीं मात्र एवढेंच पकडलें : ‘विद्यापीठांत होता म्हणतां, म्हणजे शिकला होता तर!’