नेम धरण्याची मजा

आजवर कोणती बंदूक चालवताना सर्वांत जास्त मजा आली? हा प्रश्न आपल्या वस्तीत विचारला तर लोक आधी हसतील. आपल्याकडे बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर पाहायची वस्तू. कष्टकरी माणसाचा आणि बंदुकीचा संबंध काय?

पण जरा आठवा. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर सापडते. कुणी जत्रेतल्या छर्र्याच्या बंदुकीचे नाव घेईल. कॉलेजात एन.सी.सी. केलेली मुलगी पॉइंट टू-टू म्हणेल. पोलिसातून किंवा पलटणीतून पेन्शनवर आलेले आजोबा थ्री-नॉट-थ्रीचे नाव काढतील आणि त्यांचा हात नकळत उजव्या खांद्याकडे जाईल. या तिन्ही बंदुकांची मजा वेगवेगळी आहे, आणि तिच्यामागे आपल्या समाजाचा एक इतिहासही आहे. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

फुगे फोडणारी बंदूक

खोपोलीजवळ साजगाव-ताकईला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. देवाशी आपले देणेघेणे नाही, पण सुक्या बोंबलाशी आणि सुकटीशी आहे! वर्षाची सुकी मासळी भरायला दोन्ही तालुक्यांतली माणसे तिथे जातात, त्यात आपलीही असतात. मासळीची पिशवी भरली की पोरे पाळण्याकडे आणि फुग्यांच्या फळीकडे ओढतात. अशी फुग्यांची फळी कोणत्याही जत्रेत दिसते. लाल-पिवळे फुगे ओळीने लावलेले, समोर टेबल आणि टेबलावर छर्र्याची बंदूक.

या बंदुकीत दारू नसते. नळी मधून मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाते. शिशाचा बारीक छर्रा भरून नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि त्या हवेने छर्रा बाहेर पडतो. एवढेच तिचे यंत्र. सायकलचा पंप ज्याने मारला आहे त्याला ते लगेच कळेल.

पहिला छर्रा बहुतेकांचा चुकतो. फळीवरच्या बंदुका रोज शेकडो हातांतून जातात, त्यामुळे नेमाची माशी वाकडी झालेली असते. हुशार माणूस त्यावर चिडत नाही. पहिला छर्रा कुठे लागला ते तो नीट पाहतो. डावीकडे गेला असेल तर पुढचा नेम तेवढाच उजवीकडे धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या छर्र्याला फुगा फुटतोच. हत्यार वाकडे असले तरी डोके सरळ असेल तर काम होते, हा धडा दहा-वीस रुपयांत मिळतो.

एक गोष्ट मात्र खटकते. फळीपुढे बंदूक बहुतेक वेळा मुलाच्या हाती जाते आणि त्याची बहीण पिशवी धरून उभी राहते. पुढच्या जत्रेत तिलाही पाच छर्रे मारू द्या. असे का म्हणतो, ते पुढे येईल.

पॉइंट टू-टू

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी., १९४८ साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुलींसाठीही तिची दारे उघडली. खरी गोळी झाडण्याची पहिली संधी आपल्या कितीतरी मुलामुलींना तिथेच मिळाली. ही रायफल पॉइंट टू-टूची. गोळी बारीक, आवाज टचकन, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. म्हणूनच ज्यांनी बऱ्याच बंदुका चालवल्या आहेत तेही मजा कशात, असे विचारले की हिचेच नाव घेतात. मोठ्या बंदुकीत माणूस धक्क्याला घाबरून चाप ओढण्याआधीच दचकतो. इथे घाबरण्यासारखे काही नसते, म्हणून सगळे लक्ष नेमावर राहते.

मातीवर पालथे झोपायचे. डाव्या हाताचा कोपर रायफलीच्या खाली. दस्ता खांद्याच्या खळगीत. गाल दस्त्यावर टेकलेला. मग श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचे आणि चाप हळू दाबायचा. झटका द्यायचा नाही. पाच गोळ्या झाडल्या की कागद आणून दाखवतात. त्यात गोळ्या मध्यभागी लागल्या की नाही, हे आधी पाहत नाहीत. पाचही भोके एकमेकांजवळ आहेत का, हे पाहतात. याला ग्रुपिंग म्हणतात. भोके जवळजवळ असली तर हात स्थिर आहे, मग नेम सरकवणे सोपे. भोके विखुरलेली असली तर मधली एक गोळी बरोबर बसली तरी तिला काही किंमत नाही.

विहारात आनापान केलेल्यांना यातले काही ओळखीचे वाटेल. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे आणि मन भरकटू द्यायचे नाही. नेमबाजीतही तेच लागते.

थ्री-नॉट-थ्री आणि तिच्या आधीची गोष्ट

थ्री-नॉट-थ्री ही वजनाने चार किलोच्या आसपासची, दहा गोळ्यांचे मॅगझीन असलेली रायफल. प्रत्येक गोळीनंतर खटका मागेपुढे करावा लागतो. दोन्ही महायुद्धांत ती लढली आणि महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर तर कित्येक दशके राहिली. खांद्याला घट्ट लावली नाही तर खांदा काळानिळा करते. पण एकदा तिची खोड कळली की माणूस तिच्या प्रेमात पडतो. पुढे लष्करात एस.एल.आर. आली, त्यानंतर इन्सास आली. जुन्या जवानांच्या तोंडी मात्र थ्री-नॉट-थ्रीच राहिली.

या रायफलीपर्यंत आपला हात सहज पोहोचलेला नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढलेल्या कंपनी सरकारच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्या हातात चकमकीच्या ठासणीच्या बंदुका होत्या. कागदी काडतूस दाताने फोडायचे, दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि मग झाडायची. कसलेला शिपाई मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. तिथल्या विजयस्तंभावर कोरलेली ‘नाक’ शेवटाची नावे आजही वाचता येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. आजही दरवर्षी घाट चढून आपली माणसे तिथे जातात.

पण ज्यांनी ती बंदूक चालवली, त्यांच्याच नातवंडांना इंग्रज सरकारने १८९२-९३ च्या सुमारास लष्कराची दारे बंद केली. कारण काय, तर ही जात लढवय्यी नाही! आपल्याच कोकणातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी चालवली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायत सरकारकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एकशे अकरावी पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली.

इथे प्रश्न फक्त बंदुकीचा नव्हता. पलटणीत पगार होता, पेन्शन होती आणि मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. ते पलटणीत नसते तर त्यांच्या घरात पुस्तके कुठून आली असती? बंदूक काढून घेणे म्हणजे पाटी-पुस्तक काढून घेणेच होते.

१९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि महारांची पलटण पुन्हा उभी करावी यासाठी त्यांनी जोर लावला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४६ मध्ये तर ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. विकर्स मशीनगन हे तेव्हाचे मोठे हत्यार. कापडी पट्ट्यात अडीचशे गोळ्या आणि मिनिटाला साडेचारशे-पाचशेचा मारा. नळी तापून लाल होऊ नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे आवरण, त्यात सुमारे चार लिटर पाणी. पाणी उकळून वाफ झाली की ती रबरी नळीने डब्यात सोडायची, नाहीतर वाफेवरून शत्रूला जागा कळते. हे एकट्याचे काम नव्हते. एक झाडणारा, एक पट्टा सरकवणारा, बाकीचे गोळ्या आणि पाणी पोहोचवणारे. अशा दोन विकर्स तोफा, एकमेकींवर तिरक्या, आजही महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहेत. ज्यांना लढवय्ये नाही म्हणून हाकलले, त्यांच्याच नावाच्या रेजिमेंटला पन्नास-पंचावन्न वर्षांत देशाने मशीनगन सोपवली!

पहिले शील आणि बंदूक

इथे कुणी विचारील, आपण बौद्ध. पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग बंदुकीचे कौतुक कसले?

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. इच्छेपोटी मारणे धम्माला मंजूर नाही. सीमेवरचा जवान गरजेपोटी उभा असतो. कागदावरच्या टिंबावर किंवा फुग्यावर नेम धरणारा तर कुणाचाच जीव घेत नाही.

म्हणून एक रेघ स्पष्ट आखली पाहिजे. छर्र्याची बंदूक घेऊन माथेरानच्या पायथ्याच्या रानात पाखरे टिपणे ही मजा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे.

याहून गंभीर गोष्ट आपल्या तरुणांची आहे. मोबाइलवर गावठी कट्टा हातात धरून फोटो टाकायचा, वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, असले प्रकार वाढले आहेत. पोलीस असले फोटो पाहूनच दारात येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना हत्यार म्हणजे तुरुंग. लग्नात-वरातीत आनंदाने गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यालाही शिक्षा आहे. आणि गुन्हा एकदा नोंदला की पोलीस भरती, लष्कर भरती, सरकारी नोकरी सगळेच अडचणीत येते. ज्या दारासाठी आपल्या पूर्वजांनी अर्जांवर अर्ज केले, ते दार एका फोटोपायी आपल्याच हाताने लावून घ्यायचे का?

दहा मीटरवरचे टिंब

नेमाची हौस असेल तर तिला चांगली वाट आहे. आपल्या शेजारच्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले. दहा मीटरवरून चाळीस छर्रे, आणि दर वेळी पूर्ण दहा. त्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेनाचे टोक टेकवल्यावर उमटेल एवढाच. पुढे त्यांनी पनवेलला नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. चाकाच्या खुर्चीतून पॅरालिम्पिकची दोन सुवर्णपदके, टोकियोत आणि पॅरिसमध्ये, जिंकणारी राजस्थानची अवनी लेखरा त्यांचीच शिष्या.

मुंबईच्या अंजली भागवत यांना नेमबाजीची गोडी लागली ती कॉलेजातल्या एन.सी.सी.मध्ये. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबतने २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण आणले. बहिणीलाही पाच छर्रे मारू द्या, असे वर म्हटले ते यासाठी!

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. ज्या मध्य रेल्वेच्या कर्जत-खोपोली लोकलने आपण रोज कामाला जातो, तीच ही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक जिंकले.

हा खेळ महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते. हेल्परच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या पगारात ती बसणार नाही. पण एन.सी.सी.त रायफल सरकारची, गोळ्या सरकारच्या आणि शिकवणारे लष्कराचे. तिचे प्रमाणपत्र अग्निवीर भरतीत जास्तीचे गुण देते. म्हणून आठवी-नववीला आणि कॉलेजात प्रवेश घेताना एक प्रश्न जरूर विचारा: इथे एन.सी.सी. आहे का? नसेल तर विहाराच्या बैठकीत चार पालकांनी मिळून संस्थेकडे लेखी मागणी करावी. अर्ज करायची सवय आपल्याला वलंगकर आणि कांबळे यांनीच लावून दिली आहे.

सर्वांत जास्त मजा कोणत्या बंदुकीत, याचे आमचे उत्तर साधे आहे. जी हातात धरताना कुणाला भ्यावे लागत नाही आणि जिच्यामुळे घरात प्रमाणपत्र येते, ती. तुमच्या घरातल्या आजोबांना आणि कॉलेजातल्या लेकीला एकदा समोरासमोर बसवून हाच प्रश्न विचारा. दोघांचे बोलणे लवकर संपायचे नाही.

जयभीम!