नातवाच्या साठीची तजवीज

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाच्या घरात डोकावले तर त्या संपाचे कारण तीन पिढ्यांत दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आजोबांना महिन्याच्या महिन्याला जुनी पेन्शन मिळते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या मुलाच्या पगारातून कपात होते आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. नववीतला नातू पुढे मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात कंत्राटावर लागेल, पुण्याला जाईल की घरचा कापूस-सोयाबीनच बघेल, हे आज कोण सांगणार? कुठेही गेला तरी आजोबांसारखी पेन्शन त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता थोडी. म्हणून त्याच्या म्हातारपणाचा विचार आजोबांनी आजच करणे मला अगदी रास्त वाटते.

मात्र नातवंड बारा-चौदा वर्षांचे झाले की काही दारे बंद झालेली असतात. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावे लागते. शिवाय तिथे आजी-आजोबांची सही चालत नाही. कायदेशीर पालक नसताना आजोबांनी काढलेली अशी खाती आई-वडिलांच्या नावे वर्ग करावीत, असा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. पीपीएफचेही तसेच: आई-वडील हयात असताना आजोबा नातवाचे खाते उघडू शकत नाहीत. तेव्हा पैसा आजोबांचा आणि सही मुलाची किंवा सुनेची, हे घरात आधीच बोलून घ्यावे. आजोबांनी नातवाला दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे ती धास्ती नको.

नातवाच्या म्हातारपणासाठीच काढलेली योजना म्हणजे एनपीएस वात्सल्य. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती 18 सप्टेंबर 2024 रोजी सुरू केली. खाते अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावे असते, पालक ते चालवतात आणि पेन्शन निधी प्राधिकरण त्यावर देखरेख ठेवते. सुरुवातीला वर्षाला किमान 1000 रुपये भरण्याची अट होती, वरची मर्यादा नव्हती. बँकेत, पोस्टात किंवा ऑनलाइन खाते उघडता येते.

खरा प्रश्न खाते उघडल्यावर येतो: पैसा कशात घालायचा? योजना सुरू झाली तेव्हा काहीच न निवडणाऱ्याचे निम्मे पैसे शेअरमध्ये आणि उरलेले सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत, अशी रचना होती. त्याखेरीज शेअरचा वाटा 75 किंवा 25 टक्के ठेवण्याची मुभा होती. पस्तिशीनंतर हा वाटा दरवर्षी आपोआप उतरत जातो. अर्जातला हा रकाना कोरा सोडणे सोपे असते. तो कोरा सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

का, ते आकड्यांत बघू. चौदा वर्षांच्या नातवाच्या नावे एकदाच 10,000 रुपये ठेवले, तर साठीपर्यंत 46 वर्षे मिळतात. दरसाल 7 टक्के वाढ धरली तर त्याचे सव्वादोन लाख होतात, 10 टक्के धरली तर आठ लाख. आता महागाई 5 टक्के धरा. आज 100 रुपयांना मिळणारा जिन्नस तेव्हा 940 च्या घरात जाईल. त्या हिशेबाने सव्वादोन लाखांची किंमत आजचे जेमतेम 24 हजार, तर आठ लाखांची 85 हजार. नातवाने हेच 10,000 तिशीत ठेवले असते, तर 10 टक्क्यांनीही पावणेदोन लाखच झाले असते.

दहा टक्क्यांची हमी कोणी देत नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास आला होता. सत्तरीतल्या माणसाने अशा घसरणीला भ्यावे, कारण त्याला पैसा लगेच लागतो. नातवापाशी मात्र सावरायला चार दशके आहेत. आजोबांनी स्वतःची ठेव जिथे ठेवली तिथेच नातवाचीही ठेवायची, ही आपल्याकडची सवय या एका कामात तोट्याची ठरते. त्याच्यासाठी 75 टक्क्यांचा पर्याय मला योग्य वाटतो.

अटल पेन्शन योजनेचे नावही गावोगावी निघते. ती अठराव्या वर्षापासून घेता येते. त्या वयात महिना 210 रुपये भरले की साठीनंतर महिना 5000 ची हमी मिळते. हमी चांगलीच, पण 5 टक्के महागाईत तेव्हाचे 5000 आजच्या साडेसहाशेंएवढे असतील. एकट्या तिच्या भरवशावर राहता येणार नाही. परदेशात असलेल्या मराठी घरांपुढे वेगळ्या अटी असतात. अमेरिकेत रॉथ नावाच्या निवृत्ती खात्यात पैसे भरायचे तर मुलाची स्वतःची कमाई लागते. ब्रिटनमध्ये आई-वडिलांनी उघडलेल्या मुलाच्या पेन्शन खात्यात आजी-आजोबा थेट भरू शकतात.

आपल्या भागासाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळचा कापूस खाल्ला, तेव्हा घरातली शिल्लक किती लागते ते सगळ्यांनी पाहिले. बारावीनंतरच्या शिक्षणाचा पैसा पेन्शन खात्यात अडकवू नये. वात्सल्यमधून तीन वर्षांनी शिक्षणासाठी वा आजारपणासाठी भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत काढण्याची सोय ठेवली होती, पण तेवढ्यात यवतमाळ-नागपूरचे वसतिगृह भागत नाही. कॉलेजचा पैसा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत राहू द्यावा. कापसाचा चुकारा आला, उधारी आणि बियाण्याचा हिशेब मिटला की जे उरेल, त्यातले हजार-दोन हजार वर्षातून एकदा पेन्शनला टाकावे.

अर्जाला मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा लागतो, शाळेची टीसीही चालते. टीसीवरची आणि आधारवरची तारीख जुळत नसेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतःची केवायसी नव्याने द्यावी लागते, मग खाते त्याच्या हाती जाते. तेव्हा बाहेर पडायचे तर किती रक्कम हातात मिळते आणि कितीची पेन्शन घ्यावी लागते, याचे नियम बदलत असतात. खाते काढतानाच ते विचारून घ्यावेत, आणि विचारायला नातवालाही बँकेत सोबत न्यावे.