घरदुरुस्तीचा ठेका : हुन्नर हातात आहे, धंदा कसा उभारावा?

वायरिंग, नळजोडणी, कूलर व पंप दुरुस्ती, वेल्डिंग, सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्यांत आपल्या समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यवतमाळपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही गावी जा, बाजारपेठेच्या एखाद्या गल्लीत अशी दोन-चार दुकाने दिसतीलच. हुन्नराची कमतरता नाही. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढलेला मिस्त्री मोटारीचा आवाज ऐकूनच बेअरिंग गेली की कॅपॅसिटर गेला हे सांगतो. परंतु हाच मिस्त्री पंचावन्नाव्या वर्षी शिडीवर चढू शकत नाही आणि त्या दिवसापासून घरातील आवक बंद पडते. त्याने आयुष्यभर मजुरी केली, धंदा उभा केला नाही. मजुरी हाताबरोबर थांबते. धंदा मात्र मुलाच्या, पुतण्याच्या किंवा शागिर्दाच्या हाती सोपवता येतो. घरदुरुस्तीच्या कामाचा असा धंदा आपल्या जिल्ह्यात कसा उभा राहू शकतो, याचा विचार या लेखात केला आहे.

काम कोठे आहे?

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. त्यामुळे कूलर ही आपल्याकडे चैनीची वस्तू राहिलेली नाही. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ताट्या बदलणे, टाकीचा गंज काढणे, पंप आणि पंख्याची मोटार तपासणे ही कामे घरोघरी निघतात.

दुसरे काम पाण्याचे. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या दोन धरणांचे पाणी मिळत आले आहे. 2018 च्या उन्हाळ्यात ही धरणे आटली आणि लोकांना कित्येक दिवसांनी एकदा नळाचे पाणी मिळत होते. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याच्या योजनेची चर्चा घराघरांत झाली ती याच काळात. अशा टंचाईतून घरात साठवणुकीच्या टाक्या, बोअर आणि मोटारी येतात. घरात आलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी दुरुस्तीला येते, हे कारागिराने लक्षात ठेवावे.

तिसरे काम जुन्या वायरिंगचे. तीस वर्षांपूर्वी दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी टाकलेल्या वायरीवर आज फ्रिज, कूलर, गिझर, मोटार आणि कोठे कोठे एअर कंडिशनरही चालतो. चौथे काम सौर ऊर्जेचे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट व त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान ठरले. या योजनेत यंत्रणा बसवणाऱ्या विक्रेत्याला पाच वर्षे देखभाल द्यावी लागते. बाहेरगावच्या विक्रेत्याला प्रत्येक तालुक्यात माणूस ठेवणे परवडत नाही. त्याचे देखभालीचे काम स्थानिक कारागीर घेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. आपला जिल्हा कापसाचा आहे. दिवाळीनंतर कापूस विकला गेला की लोकांच्या हाती पैसा येतो. आम्ही कापडवाले माल भरताना हेच पाहतो. कारागिरानेही वर्षाचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे. नवे वायरिंग, बाथरूम, रंग अशी मोठी कामे नोव्हेंबर ते जानेवारीत मागावीत. कूलर फेब्रुवारीपासून, छत आणि गळतीची कामे मे महिन्यात. पावसाळ्यातील रिकामे दिवस कसे भरावेत, ते पुढे सांगितले आहे.

दर कसा काढावा?

बहुतेक कारागीर शेजारच्या मिस्त्रीचा दर ऐकून त्यापेक्षा पन्नास रुपये कमी सांगतात. कापडाच्या व्यापाऱ्याने खरेदीचा भाव, भाडे, हमाली आणि घट न धरता मीटरचा भाव सांगितला तर तो एका हंगामात बसेल. कारागिराचा माल म्हणजे त्याचा वेळ. म्हणून एका तासाला आपल्याला काय खर्च पडतो, हे आधी कागदावर मांडावे.

उदाहरणादाखल एक मिस्त्री आणि एक मदतनीस धरू. महिन्याचा खर्च असा समजा : मदतनिसाचा पगार 13,000, पेट्रोल 3,000, दुकानाचे भाडे 2,500, हत्यारांची झीज 1,500, फोन 1,000, विमा आणि हिशेबनीस 1,000. एकूण 22,000, म्हणजे वर्षाचे 2,64,000 रुपये. मिस्त्रीने स्वतःचा पगार महिना 20,000 धरला तर वर्षाचे 2,40,000. दोन्ही मिळून 5,04,000 रुपये झाले.

आता विकले जाणारे तास किती? जुमा, सण, आजारपण, लग्नकार्य, पाऊस आणि बिनकामाचे दिवस वजा जाता वर्षात 200 दिवस पुरे काम मिळाले असे धरू. दिवसाचे दोन तास ये-जा करण्यात आणि साहित्य आणण्यात जातात, पैसे देणारे तास 6 उरतात. म्हणजे वर्षाला 1,200 तास. 5,04,000 ला 1,200 ने भागले की तासाचा खर्च 420 रुपये निघतो. बुडीत आणि अडीअडचणीसाठी त्यावर 10 टक्के धरले तर 462 रुपये. या जोडीने दोन तासांचे काम 500 रुपयांत घेतले, तर मालकाने त्या दिवशी स्वतःच्या खिशातून ग्राहकाला पैसे दिले असे समजावे.

प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. दिग्रसला भाडे कमी पडेल, वणीत मजुरी जास्त पडेल. हिशेबाची रीत मात्र हीच राहील. हा आकडा माहीत असला म्हणजे ग्राहक घासाघीस करू लागल्यावर कोठपर्यंत उतरायचे आणि कोठे सलाम करून उठायचे, हे समजते.

वर्षाचा करार

ठेकेदारीतील खरी स्थिरता सुट्या कामांतून येत नाही, ती वर्षाच्या करारातून येते. समजा 60 घरांशी करार केला. वर्षातून चार ठरलेल्या फेऱ्या : उन्हाळ्याआधी कूलर, पावसाळ्याआधी वायरिंग आणि अर्थिंग, पावसाळ्यात पाण्याची टाकी आणि नळ, हिवाळ्यात मोटार आणि गिझर. शिवाय अडचणीच्या वेळी वर्षातून एक फेरी. घरटी 2,400 रुपये, सुटे भाग वेगळे. आवक 1,44,000 रुपये. पाच फेऱ्या आणि प्रत्येकी एक तास धरला तर 300 तास लागतील. 420 प्रमाणे खर्च 1,26,000 आणि शिल्लक 18,000.

शिल्लक थोडी वाटेल. पण यातील बरेच तास रिकाम्या दिवसांत टाकता येतात. त्यामुळे वर्षाचे विकलेले तास 1,200 वरून 1,400 झाले, तर पेट्रोलचा थोडा जादा खर्च सोडता तासाचा खर्च 420 वरून 360 वर येतो. म्हणजे उरलेल्या प्रत्येक कामातही नफा वाढतो. शिवाय करार झालेल्या घरातील मोठे काम दुसऱ्याकडे जात नाही, आणि मदतनिसाला बारा महिने पगार देता येतो. बारा महिने पगार मिळणारा शागिर्द पुणे-हैदराबादचा रस्ता धरत नाही.

अंदाजपत्रक, वेळ आणि उधारी

2014 मध्ये दिल्लीकडे सुरू झालेल्या अर्बनक्लॅप, आताच्या अर्बन कंपनीने मोठ्या शहरांत घरदुरुस्तीचे काम मोबाईलवर आणले. तेथील कारागिरांचे हात आपल्या कारागिरांपेक्षा अधिक कुशल आहेत असे नाही. ग्राहकाला तीन गोष्टी आवडल्या : दर आधी समजतो, माणूस कधी येणार ते समजते आणि तक्रार कोणाकडे करायची ते ठाऊक असते. या तिन्ही गोष्टींना भांडवल लागत नाही. एक छापील पावतीपुस्तक, एक डायरी आणि वायदा पाळण्याची सवय एवढे पुरते. "उद्या येतो" म्हणून चार दिवसांनी जाणारा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याचा एतबार राहत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. काय करायचे, कोणत्या कंपनीचे साहित्य वापरायचे, मजुरी किती, आणि पैसे कधी मिळणार. मोठ्या कामात साहित्याचे पैसे आधी, अर्धी मजुरी निम्मे काम झाल्यावर आणि उरलेली काम दाखवून घ्यावी. जादा काम निघाले तर तोंडी होकारावर हात लावू नये, कागदावर वाढवून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे बरे दिसत नाही, असे आपले लोक म्हणतात. परंतु देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा हे सांगणारी सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. लिहिल्याने संबंध तुटत नाहीत, टिकतात.

बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. साहित्यात दुकानदाराकडून कमिशन घेऊन ग्राहकाला जास्त भाव लावण्याची चाल सोडावी. मजुरी उघडपणे पुरती मागावी आणि साहित्य बिलाप्रमाणे द्यावे. ग्राहकाच्या घराची किल्ली, कपाट आणि पडदा ही आपल्याकडे अमानत असते, हे शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगावे.

परवाना आणि जिवाची काळजी

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे मरतात. पाणी भरताना किंवा ओल्या हाताने पत्र्याला हात लावताना हे घडते. अर्थिंग नसणे, दोन पिनांचा प्लग आणि जोड मारलेली वायर ही त्याची नेहमीची कारणे. कूलर दुरुस्त करून अर्थिंग न तपासता निघून येणारा मिस्त्री त्या घरातील लेकरांचा जीव धोक्यात ठेवून येतो. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारे आरसीसीबी हे प्रत्येक कूलरच्या घरात असावे. ग्राहक खर्चाला नाही म्हणाला तर तसे पावतीवर लिहून सही घ्यावी.

वायरिंगच्या कामासाठी वायरमनचा परवाना आणि ठेका घेण्यासाठी विद्युत ठेकेदाराचे लायसन लागते. नव्या मीटरसाठी महावितरणला द्यावयाच्या चाचणी अहवालावर लायसनधारक ठेकेदाराचीच सही चालते. बिनपरवाना मिस्त्री सगळे काम स्वतः करतो आणि सहीसाठी दुसऱ्याला पैसे मोजतो. मुलगा दहावी झाला असेल तर त्याला आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्री शाखेत घालावे. उस्तादाकडील हात आणि आयटीआयचा कागद दोन्ही असलेला मुलगा कोठेही अडत नाही. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे.

मदतनिसाचा विमा काढावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता 2022 पासून वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस 2 लाख रुपये मिळतात. शिडीवरून पडलेल्या कामगाराच्या घरी काय घेऊन जायचे, हा प्रश्न तो पडण्याआधी सोडवलेला बरा.

नोंदणी आणि भांडवल

1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी आधारवरून विनाशुल्क होते. एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागते, असा 2006 चा कायदा आहे. शाळा, दवाखाने आणि कार्यालयांकडील वसुलीत तो उपयोगी पडतो. साहित्यासकट बांधकामाच्या ठेक्याला तो लागतो की नाही यावर कोर्टात वाद झाले आहेत, म्हणून दुरुस्ती आणि देखभालीचा करार वेगळा ठेवावा. आम्हा दुकानदारांना उद्यममध्ये घेतले तरी हा फायदा दिलेला नाही. कारागिराला आहे, तो त्याने घ्यावा.

जीएसटीत केवळ माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण सेवा देणाऱ्याला ही मर्यादा 20 लाख आहे. मजुरीसोबत लावलेले साहित्यही त्यात धरले जाते. सप्टेंबर 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, गवंडी आणि कुलूप बनवणारे आहेत, वायरमन आणि प्लंबर नाहीत. त्यांनी उगाच चकरा मारू नयेत.

व्याजी कर्ज नको असणाऱ्यांसाठी मुदारबतीचा जुना मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या हिश्श्याने, आणि कारागिराची हयगय नसेल तर तोटा भांडवलाचा. ड्रिल मशीन, शिड्या, मोजमापाची उपकरणे आणि एक जुने वाहन एवढ्यावर हा धंदा सुरू होतो. आपल्या पेठेतील अनेक व्यापाऱ्यांना हे जड नाही. यात अडते ते हिशेबावर. जो मिस्त्री सहा महिन्यांचा जमाखर्च दाखवू शकतो, त्याच्याबरोबर बसायला व्यापारी तयार होतो. भागीदारी झाली तर करारनामा करून फर्मची नोंदणी करावी. 1932 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी दोन कामे करावीत. एका वहीत आपला तासाचा खर्च मांडावा आणि गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी काम केले त्यांची नावे, पत्ते आणि घरातील यंत्रांची यादी लिहून काढावी. ती यादी म्हणजेच दुकानाचा माल आहे. येत्या फेब्रुवारीत कूलरची कामे सुरू होण्यापूर्वी त्यातील दहा घरांशी जरी वर्षाचा लेखी करार झाला, तरी पाया पडला असे समजावे.