जुनं कपाट घेतलं ४,५०० ला, शेजारी द्यायला तयार १०,०००… मग फायदा किती?

कपाटाच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच आहे, "सर, हा धंदा होऊ शकतो का?" व्हिडिओत आधीचं कपाट आणि नंतरचं कपाट दिसतं. मधले ३४ तास दिसत नाहीत. ते इथे लिहितोय.

आधी खरं सांगतो. माझं सातपूरमध्ये हार्डवेअरचं दुकान आहे. पॉलिश पेपर रोज विकतो, पण स्वतःच्या हाताने कधी घासला नव्हता. सातपूर कॉलनीत एक काका कंपनीतून रिटायर होऊन मुलाकडे राहायला निघाले होते. एमआयडीसीमुळे आपल्या भागात हे नेहमीचं आहे. कुणाची बदली, कुणाची निवृत्ती, आणि घरातलं जड सामान मागे राहतं. दोन दारांचं, खाली दोन ड्रॉवर असलेलं कपाट, वर हिरवा ऑइल पेंट. ४,५०० म्हणाले, मी घासाघीस न करता दिले. ७०० टेम्पोला.

कपाट सागाचं आहे हे मी ड्रॉवर काढून बघितलं होतं, एवढं शहाणपण होतं. बाहेरून सगळंच साग दिसतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, फळीची कापलेली कड बघा. कडेला पातळ थरांच्या रेघा दिसल्या तर ते प्लाय आहे, वरचा साग कागदासारखा पातळ असतो आणि जोरात घासलं की निघून जातो. अख्खं लाकूड असेल तर वरची रेघ कडेवरून खाली उतरलेली दिसते. पायाजवळ बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर कीड अजून जिवंत आहे. असं सामान घरात आणूच नका.

आता तो हिरवा रंग. इथे माझी पहिली चूक झाली. मी गच्चीवर बसून कोरडा पॉलिश पेपर मारायला लागलो. अर्ध्या तासात सगळीकडे हिरवी धूळ, आणि माझी ४ वर्षांची मुलगी त्यात बोटाने चित्र काढतेय! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, जाळून तर अजिबात काढायचा नाही. मी नंतर पेंट रिमूव्हर आणला, हातमोजे घातले, उघड्यावर थोडं थोडं लावून पत्रीने खरवडलं, उरलेलं वॉटर पेपरने ओलं करून घासलं. खरवड गोळा करून पिशवीत बांधली. मुलगी तेवढे दिवस आजीकडे.

या एका कामाला १४ तास गेले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ड्रॉवर, बिजागऱ्या, एका दाराचा सुटलेला सांधा यात ५ तास. मग पॉलिश पेपर, ८० नंबरने सुरुवात, मग १२०, १८०, शेवटी ३२०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा हात मारला की ओरखडे पॉलिशनंतरच दिसतात, आधी दिसत नाहीत. हे ७ तास.

पॉलिशला मी चपडा घेतला. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जो थर करतात, त्यापासून चपडा बनतो, आणि लाखेच्या उत्पादनात आपला देश जगात पुढे आहे. स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाच्या बोळ्याने पातळ हात मारत जायचं. मेलामाइन किंवा पीयू जास्त टिकाऊ, पण शिकणाऱ्याने चपड्याने सुरू करावं, कारण चूक झाली तर स्पिरिटने पुसून परत करता येतं. माझी झालीच! जुलै महिना, बाहेर भुरभुर, आणि मी घाईत तिसरा हात मारला. सकाळी बघतो तर दारावर दुधासारखा पांढरा पडदा. हवेतला ओलावा पॉलिशमध्ये अडकतो. दोन दिवस ऊन पडायची वाट बघितली, स्पिरिटच्या बोळ्याने हलका हात फिरवला, पांढरेपणा गेला. सगळं मिळून पॉलिशला ८ तास. (चपड्याच्या टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग पडतो, म्हणून डायनिंग टेबलाला हे पॉलिश नको.)

सामानाचा खर्च २,३५०. कपाट उभं राहिलं तेव्हा शेजारच्या भाऊंनी तिथल्या तिथे १०,००० सांगितले. घरात सगळे खूश. मी वही काढली.

कपाट ४,५००, टेम्पो ७००, सामान २,३५०. झाले ७,५५०. म्हणजे २,४५० सुटले. भागिले ३४ तास, तासाला ७२ रुपये. मी मिस्त्रीला दिवसाचे ९०० देतो, ८ तासांचे. म्हणजे तासाला ११२ च्या वर. माझेच ३४ तास त्या दराने धरले तर ३,८२५, आणि कपाटाची खरी किंमत ११,३७५. १०,००० ला विकलं असतं तर १,३७५ चा तोटा, आणि मी सगळ्यांना फायदा झाला म्हणून पेढे वाटले असते. आपण स्वतःची मजुरी फुकट धरतो, बीबीए करूनसुद्धा!

आता हिशोब उलटा करा. विक्री १०,००० पक्की धरा. त्यातून मजुरी ३,८२५, सामान २,३५०, टेम्पो ७०० वजा केले की उरतात ३,१२५. १,५०० तरी नफा हवा. म्हणजे ते कपाट मी १,६२५ च्या वर घ्यायलाच नको होतं. आणि तेच कपाट रंग न मारलेलं, नुसतं मळकट पॉलिशचं असतं तर? १४ तास वाचले, म्हणजे १,५७५ रुपये, शिवाय रिमूव्हरचा खर्च. मग ३,२०० पर्यंत परवडलं असतं. मुंबईत जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात लोक हेच करतात, त्यांचं डोकं विकताना नाही, घेताना चालतं.

जीएसटीचं विचारलं होतं. फक्त माल विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्या राज्यात साधारणपणे नोंदणी लागत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, पण ती हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे. घेऊन विकणाऱ्याने त्यावर गणित मांडू नये.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या बॅचमध्ये एक दादा होते, माझ्यापेक्षा मोठे, कंपनीतली नोकरी गेलेली, हातात ६०,००० आणि घरी दोन मुलं शाळेत. माझा व्हिडिओ बघून त्यांनी ६ नग ठरवले, १२,००० ॲडव्हान्स देऊन आले. परवा फोटो पाठवले. सहापैकी पाचांवर ऑइल पेंट. मी फोन केला तर म्हणाले, "सर, तुमच्यासारखाच रंग बघून घेतले."

त्या रात्री झोप लागली नाही. व्हिडिओत मी १४ तासांचे ९ सेकंद केले होते.

शनिवारी आम्ही दोघं त्या माणसाकडे जातोय. सोबत स्पिरिटची बाटली आणि कापूस. आतल्या कोपऱ्यात थेंब लावायचा, चिकट झालं तर जुना चपडा, ते काम सोपं. जो नग परवडतो तो ठेवायचा, बाकीच्यांचा ॲडव्हान्स परत मागायचा. देईल का माहीत नाही. दादांना वही आणायला सांगितलीय.