तंजावरचा अज्ञान वारस

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील श्वार्ट्झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समनने घडवलेले एक संगमरवरी शिल्प आहे. त्यात मृत्युशय्येवरील जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांचा हात सर्फोजीराजे भोसले यांनी आपल्या हातात धरलेला दिसतो. हिंदू राजाने आपल्या परधर्मीय पालकासाठी करवून घेतलेल्या या स्मारकात पाहणाऱ्याची नजर त्या दोन हातांवरच खिळते, कारण त्यांच्यामागे अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाच्या ताब्याचा अकरा वर्षे चाललेला वाद आहे.

1787 मध्ये तंजावरचे राजे तुळजाराजे यांनी मृत्यूपूर्वी भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील सर्फोजीला दत्तक घेतले. मुलाचा जन्म 1777 चा. दत्तविधानात जन्मदाते मुलाचे दान करतात आणि त्याबरोबर त्यांचा त्याच्यावरील हक्क संपतो, त्यामुळे तुळजाराजांच्या पश्चात मुलाला आधार उरला तो नेमलेल्या पालकाचाच. राजांना हे मूल श्वार्ट्झ यांच्यावर सोपवायचे होते. परंतु श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी एकट्याने न घेता राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांचे नाव सुचवले, आणि घात तेथेच झाला. दत्तक रद्द झाले तर गादी अमरसिंगांना मिळणार होती. मुलगा जन्मदात्यांचा एकुलता एक आहे आणि दत्तक घेताना राजांचे मन ठिकाणावर नव्हते, असे आक्षेप पुढे आले. पंडितांनी ते ग्राह्य धरले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ते मानले आणि अमरसिंग राजे झाले. सर्फोजीला बंदिस्त ठेवण्यात आले, त्याचे शिक्षणही थांबले.

श्वार्ट्झ यांच्या तक्रारींमुळे कंपनीच्या मद्रास सरकारने पालकत्व त्यांच्याकडे दिले. 1793 मध्ये मुलाला तुळजाराजांच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले, जेथे मिशनरी गेरिके यांनी त्याला शिकवले. मात्र धर्मांतर झाले नाही, सर्फोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पुढे इतर ठिकाणच्या पंडितांचे मत मागवले गेले, ते दत्तकाच्या बाजूने पडले आणि जून 1798 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, सर्फोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. कंपनीला मुलाचा कळवळा होता असे मानणे कठीण आहे, कारण 1799 च्या तहाने राज्याचा कारभार तिनेच आपल्या हाती घेतला.

सर्फोजीविरुद्ध घेतलेला पहिला आक्षेप पुढे कायद्यातही टिकला नाही: एकुलत्या एका मुलाचे दत्तकही वैध, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने 1899 मध्ये दिला. त्याआधी 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 17 ने मुलाचे वय व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य, मृत आईवडिलांची इच्छा आणि पालकाचा मुलाच्या मालमत्तेशी असलेला संबंध विचारात घेण्यास सांगितले होते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मुलाचे कल्याण सर्वोच्च ठरवले. या कसोट्यांवर अमरसिंगांचे पालकत्व एक दिवसही टिकले नसते. मुलाच्या नुकसानीत ज्याचा लाभ आहे, असा नातलग आजही ताबा मागत न्यायालयात उभा राहतो. तेथे न्यायाधीशांनी त्याच्या नात्याआधी त्याचा लाभ तपासावा, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर कलम 17 नेच दिलेल्या अधिकारानुसार त्याचे म्हणणे स्वतः ऐकून घ्यावे.