जादूगाराच्या पेटीतील महाग जिन्नस

हातचलाखीचा व्यवसाय करणाऱ्या मनुष्याने आपली मिळकत कोणत्या साधनांवर खर्च करावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गोंदिया जिल्ह्यासारख्या मुलखात, जेथे जादूचा प्रयोग नाट्यगृहाच्या मखमली पडद्याआड न होता शाळेच्या व्हरांड्यात, गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा भाऊबीजेनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या लोकनाट्याशेजारी सतरंजी अंथरून होतो, आणि बिदागी बहुधा पाहणाऱ्यांच्या खुशीवर सोपवलेली असते, तेथे या प्रश्नाला जमाखर्चाच्या वहीचे सर्व गांभीर्य प्राप्त होते. आमगावकडील एक निवृत्त शाळामास्तर, ज्यांना सारा परिसर ‘गुरुजी’ एवढ्याच नावाने ओळखतो, पुष्कळ वर्षांपासून हा उद्योग हौस आणि उत्पन्न यांच्या सीमेवर राहून करीत आले आहेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीशेजारी बसून एकेक जिन्नस हाती घेऊन पाहण्याची मुभा त्यांनी मला दिली.

पेटीत प्रथम हाताला लागतो तो पितळी लोटा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा ज्या भंडाऱ्यातून वेगळा निघाला, तेथील पितळी भांड्यांचा लौकिक जुना आहे, आणि हा लोटाही तिकडच्याच एका कारागिराकडून गुरुजींनी सांगून घडवून घेतला. बाहेरून पाहिले तर देवघरातल्या कोणत्याही लोट्याहून त्यात तिळमात्र वेगळेपणा नाही. पण खेळ सुरू झाला की तो पालथा करून पार रिकामा केला जातो, बाजूला ठेवला जातो, आणि थोड्या वेळाने उचलून ओतला की त्यातून पुन्हा पाण्याची धार लागते. पाश्चात्त्य जादूगार या खेळाला हिंदुस्थानच्याच नावाने ओळखतात. त्याचे मर्म वायुभाराच्या साध्या नियमात आहे, आणि शाळेतील पदार्थविज्ञान ज्याच्या ध्यानात राहिले आहे त्याला ते सांगितल्याने व्यवसायाचा द्रोह होतो असे मला वाटत नाही: आत दुसरी भिंत, दोन्ही भिंतींच्या मध्ये चोरकप्पा, तळाशी एक बारीक वाट आणि काठाजवळ अंगठ्याखाली सहज झाकले जाईल असे छिद्र. छिद्र झाकले की चोरकप्प्यातले पाणी जागचे हलत नाही. अंगठा उचलला की ते निमूटपणे खाली उतरून लोट्याच्या आतल्या पोकळीत समपातळीवर येते. सारी करामत झाळकामाची आहे. सांधा एके ठिकाणी जरी झिरपला तरी लोटा निकामी, आणि छिद्र वाजवीपेक्षा मोठे झाले तर बोटाला चुकून फट राहते. म्हणून कारागिराने त्याची मजुरी साध्या लोट्याच्या कितीतरी पट घेतली, ती गुरुजींनी घासाघीस न करता दिली, आणि तेवढा एक खर्च आपल्याला कधी पुन्हा करावा लागला नाही असे ते सांगतात.

याच पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, रुईच्या कापसात गुंडाळून ठेवलेला, परमुलखातून आलेला ऐवज आहे. पुण्यास राहणाऱ्या पुतण्याने प्रेमाने पाठविलेला गॅलियम धातूचा चमचा त्यांपैकीच. गरम चहात बुडविला की चमचा विरघळून नाहीसा होतो, असा हा खेळ. आणि थंड मुलखातील दिवाणखान्यात तो खरोखर विस्मयकारक होत असेल. परंतु गॅलियम २९.७६ अंश सेल्सिअसला वितळते, आणि आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालील पत्र्याच्या पेटीत त्या चमच्याने जो प्रयोग करायचा तो प्रेक्षकांची वाट न पाहताच उरकून घेतला. पुढे गोळा झालेला धातू साच्यात ओतून गुरुजींनी पुन्हा चमचा घडविला खरा, तथापि आता तो केवळ पौष-माघातच बाहेर निघतो. शिवाय हा धातू ॲल्युमिनियमला लागला की ते ठिसूळ होऊन तुटते, म्हणून ज्या घरात ॲल्युमिनियमची पातेली आहेत तेथे हा खेळ यजमानाच्या भांड्यांवरच उलटण्याचा धोका.

निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणातून केलेली, वाकविली तरी ऊब लागताच पूर्वरूप धारण करणारी तार याहून टिकाऊ आहे. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास लागलेल्या या शोधाची उपयुक्तता वैद्यकात निर्विवाद आहे. पण जादूगाराला तिची अडचण निराळीच होते. मंडईत या तारेचा वाकडा खिळा सरळ झालेला पाहून मुले टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्याच क्षणी एखादा जाणता गृहस्थ म्हणतो, ‘‘खिळा इकडं द्या जी, पाहू.’’ खिळा द्यावा तर भेद उघडा, न द्यावा तर संशय पक्का. चटकन जळून राख न ठेवणाऱ्या कागदाचीही हीच तऱ्हा. नायट्रोसेल्युलोजचा हा कागद सुरक्षिततेसाठी ओलसर ठेवायचा आणि प्रयोगापूर्वी वाळवायचा असतो. आमच्या श्रावणात तो वाळता वाळत नाही आणि उन्हाळ्यात तो बाळगणे हेच एक भय.

या सर्वांवर कडी केली आहे ती टांकसाळीने. परदेशी जादूगार आपल्या नाण्याच्या पोटात लोखंडाचा पातळ पत्रा बसविण्यासाठी कुशल कारागिराला भरपूर दाम मोजतात, कारण अमेरिकेच्या सध्याच्या चलनातील नाणी लोहचुंबकाकडे ओढली जात नाहीत. आपल्याकडील एक रुपयाचे पोलादी नाणे मात्र लोखंड आणि क्रोमियम यांच्या अशा मिश्रणाचे आहे की साधा चुंबक त्याला सहज धरून ठेवतो. जे साधन तिकडे मागवून घ्यावे लागते ते इकडे प्रेक्षकाच्याच खिशातून उसने घेता येते! ‘‘घे बाबू, तूच नाणं काढ,’’ असे म्हणून गुरुजी पोराच्या हातून नाणे घेतात, आणि त्या एका वाक्यात शंकेचा निकाल लागतो. कारण जे नाणे आपल्याच खिशातून निघाले त्यावर कोण अविश्वास दाखवील?

महाग पदार्थाचा चमत्कार फार काळ टिकत नाही, याचा दाखला इतिहासातही आहे. फ्रान्सचा प्रख्यात जादूगार रोबेर-हुदँ याला १८५६ साली फ्रेंच सरकारने अल्जीरियात धाडले, तेव्हा त्याने एक पेटी मांडली, जी आधी सहज उचलली जाई आणि नंतर धिप्पाड मनुष्यालाही हलेना. खाली विद्युच्चुंबक दडविलेला होता. त्या काळी तो अत्याधुनिक आणि खर्चिक पदार्थ. आज तोच चुंबक आमच्याकडील माध्यमिक शाळेतील मुलगा खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून करतो. याउलट कळकाच्या दोन नळ्या आणि त्यांतून ओवलेला दोरा, ज्यात एका नळीचा दोरा ओढला की दुसरीचा वर चढतो, हा खेळ आजही मंडईत गर्दी धरून ठेवतो, आणि त्या नळ्या शेजारच्या बुरुडाने किरकोळ पैशांत करून दिलेल्या आहेत.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यापूर्वीही आणि नंतरही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव फिरून काडीविना अग्नी पेटवून दाखवीत आले आहेत, ते पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन यांच्या जोरावर. दोन्ही पदार्थ स्वस्त, आणि प्रयोगानंतर त्यांची नावे जाहीरपणे सांगितलेली. पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांच्या रंगमंचीय वैभवाचा हिशेब वेगळा. तेथे तिकिटे विकली जातात, दिव्यांची आणि अंतराची सोय असते, आणि मोठी पेटी म्हणजे नेपथ्याचाच भाग. सतरंजीवर बसून, चारी बाजूंनी वेढलेल्या मनुष्याला ती सवलत नाही.

म्हणून गोंदिया, तिरोडा, देवरी किंवा सालेकसा या भागात ज्या तरुणाला हा छंद लागला असेल, त्याने गॅलियम आणि जळता कागद यांवर दमडी खर्चू नये, बळकट चुंबक एक बाळगावा, आणि उरलेले पैसे दुहेरी भिंतीच्या लोट्यासाठी एखाद्या चांगल्या पितळकाम्याला आगाऊ द्यावेत. घेताना मात्र लोट्यात पाणी भरून रात्रभर फडक्यावर ठेवावे, आणि फडके सकाळी कोरडे निघाले तरच पुरी मजुरी चुकती करावी.